आधी घोटभर पाणी, मग कॅमेरा

माझे नाव दिसले की तुम्ही खत, बियाणे नाही तर बोंडअळी यांची वाट पाहता. आज मात्र विषय फोटोचा आहे. गावोगाव फिरताना हल्ली फोटोग्राफीचा कोर्स करणारी एक-दोन मुले-मुली हमखास भेटतात. लग्नसराईत त्यांना बरे काम मिळते. त्यांचे आईवडील मात्र मला विचारतात, "साहेब, यात दोन वर्षे शिकायचे काय असते? बटण तर दाबायचे!"

डोंगर, बैलजोडी किंवा कणसाने लवलेले शेत यांचा फोटो काढणे त्या मानाने सोपे. ती काही लाजत नाहीत आणि रागावतही नाहीत. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा तर आधी माणसाशी जमवून घ्यावे लागते, आणि ते शिकायला दोन वर्षेही थोडी पडतात. हे शिकायला आयुष्याची पंचवीस वर्षे घालवलेल्या एका बाईची हकिगत सांगतो. ती अमेरिकेतली आहे, पण तिच्यात शेतमजूर आहेत, दुष्काळ आहे, सरकारी कचेरीही आहे. तुम्हाला ती परकी वाटणार नाही.

डोरोथिया लँग हे तिचे नाव. जन्म १८९५ सालचा, न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन गावचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला. जीव वाचला, पण उजवा पाय अधू झाला आणि ती जन्मभर लंगडत चालली. बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. आई न्यूयॉर्कच्या एका वाचनालयात नोकरीला लागली आणि मुलगी तिच्याबरोबर रोज नदी ओलांडून शहरातल्या शाळेत जाऊ लागली. तो भाग दाटीचा, देशोदेशींहून पोटासाठी आलेल्या गरिबांचा. त्या गल्ल्यांतून पोरीला एकटीने चालत जावे लागे. तिने एक युक्ती शिकून घेतली. चेहरा असा कोरा ठेवायचा की आपल्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये, आपण मात्र सगळे पाहत जायचे.

शाळा संपली. घरच्यांनी विचारले, पुढे काय? ती म्हणाली, फोटोग्राफर होणार. तोवर तिच्याकडे कॅमेरा नव्हता आणि तिने एकही फोटो काढलेला नव्हता. आई आणि आजीने व्यवहार पाहिला. आधी शिक्षिकेचा कोर्स कर, हाताशी काही तरी असू दे. आपल्याकडे "आधी डी.एड. कर, मग काय ते बघ" म्हणतात ना, तोच प्रकार. तिने नाव घातले, पण मन काही लागले नाही.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये आर्नोल्ड गेंथे यांचा नामांकित स्टुडिओ होता. १९०६ सालचा सान फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि त्यानंतरची आग यांचे फोटो काढणारे ते हेच. पोरगी सरळ त्यांच्याकडे गेली आणि काम मागितले. मिळाले ते आल्यागेल्याची विचारपूस करण्याचे आणि छापलेल्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवण्याचे. पण समोर उस्ताद काम करीत होता आणि ती पाहत होती. गिऱ्हाईक ताठून बसलेले असताना गेंथे घाई करीत नसत. ते बोलण्यात रमले, सैलावले, की त्याच्या नकळत फोटो घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तिला पहिला कॅमेरा त्यांनीच दिला.

मग आणखी दोन-तीन स्टुडिओंत तिने उमेदवारी केली. एका ठिकाणी नेहमीचा फोटोग्राफर नसल्यामुळे ऐनवेळी हिलाच एका श्रीमंत कुटुंबाचा फोटो काढायला धाडले. ती घाबरली, पण निभावले. याच सुमारास एक फिरता फोटोग्राफर त्यांच्या दारात आला. त्याला डार्करूमपुरती जागा हवी होती. घरामागे कोंबड्यांचे जुने खुराडे होते, तेच झाकून-बुजवून अंधारी खोली केली. प्लेटा धुणे, प्रिंट काढणे या गोष्टी ती त्या खुराड्यात त्या गड्याकडून शिकली. पुढे ती कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गात बसली. हे मास्तर फार सौम्य. कुणाचा फोटो वाईट म्हणून ते नाकारीत नसत. एकाच साध्या लोखंडी फाटकाचा फोटो काढून आणा, असा गृहपाठ देत. हिने तो कधी केलाच नाही. तरी मास्तरांबद्दल जन्मभर आदराने बोलत राहिली.

१९१८ साली मैत्रिणीबरोबर जग पाहायला निघाली, ती सान फ्रान्सिस्कोत अडकली, कारण चोराने पैसे मारले. फोटोचे सामान विकणाऱ्या दुकानात काउंटरवर उभी राहिली आणि थोड्याच दिवसांत उसनवारीच्या भांडवलावर स्वतःचा स्टुडिओ काढला. आता तिला बाई म्हणायला हवे. लँगबाईंचा स्टुडिओ चांगला चालला. शहरातली बडी घराणी त्यांच्याकडे येत. दुपारनंतर तिथे चहाचे आधण असे, लोक गप्पांना जमत. गिऱ्हाईकाला पसंत पडेल आणि तरी तो माणूस तोच वाटेल, असा फोटो द्यायचा, ही त्यांची रीत. दहा-बारा वर्षे अशी गेली.

मग १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि देशभर मंदी आली. लाखो लोकांची कामे गेली. लँगबाईंच्या स्टुडिओची खिडकी रस्त्यावर होती. आत येणारी गिऱ्हाइके कमी झाली आणि खिडकीखालून जाणारी रिकाम्या हातांची माणसे वाढली. बाई वरून पाहत राहायच्या. शेवटी १९३३ मध्ये एके दिवशी कॅमेरा घेऊन खाली उतरल्या. जवळच एक श्रीमंत विधवा भुकेल्यांना अन्न वाटायची, तिथे रांग लागे. बाईंना इतकी धास्ती वाटत होती की त्यांनी सोबतीला भावाला नेले. त्या दिवशीच्या एका फोटोत गर्दीकडे पाठ करून, कठड्यावर हात टेकून, पुढ्यात पत्र्याचे भांडे घेऊन उभा असलेला एक म्हातारा आहे. टोपीच्या काठामुळे त्याचे डोळेही दिसत नाहीत. पुढे तो फोटो फार गाजला.

स्टुडिओत माणूस आपल्या पायांनी येतो, पैसे देतो, बसतो. तो तयार असतो. रस्त्यावरच्या माणसाने तुम्हाला बोलावलेले नसते. तिथे कसे वागायचे, हे ना गेंथेंच्या स्टुडिओत शिकायला मिळाले होते, ना व्हाइट मास्तरांच्या वर्गात. लँगबाईंनी ते शेतावर जाऊन शिकले.

त्याचे असे झाले. पॉल टेलर नावाचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक शेतमजुरांच्या प्रश्नावर काम करीत होते. प्रदर्शनात बाईंचे फोटो पाहून त्यांनी १९३५ साली कॅलिफोर्निया राज्याच्या मदतकार्यात बाईंना घेतले. अडचण एकच होती. मंजूर पदांत फोटोग्राफर हे पदच नव्हते. मग बाईंची नेमणूक टायपिस्ट म्हणून दाखवली! कागदाला कागद कसा लावायचा, हे सरकारी माणसाला कुठल्याही देशात कळते. या दोघांचे अहवाल गेले आणि हंगामी मजुरांसाठी सरकारी छावण्या उभ्या करायला चालना मिळाली. त्याच वर्षाअखेर दोघांनी लग्न केले.

टेलर स्पॅनिश बोलत. मेक्सिकोतून आलेल्या मजुरांजवळ जाऊन बसत आणि सहज गप्पा मारत टिपणे घेत. लँगबाईंनी त्यांच्याकडून हे उचलले आणि त्यात स्वतःची भर घातली. त्या गाडीतून उतरून सावकाश चालत जात. लंगडणारी बाई पाहून माणसे जरा मवाळ होत, हे त्यांना ठाऊक होते आणि त्या ते लपवीत नसत. गेल्या गेल्या कॅमेरा उगारायचा नाही. घोटभर पाणी मागायचे आणि ते सावकाश प्यायचे. आपण कोण, कुठून आलो, घरी मुले किती, हे आधी स्वतःचे सांगायचे. पोरे कॅमेऱ्याभोवती जमली तर त्यांना हात लावू द्यायचा. कुणी नको म्हटले तर पुढे जायचे. फोटो झाल्यावर गाडीकडे परतून, माणसे जे बोलली ते शक्य तेवढे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. १९३९ साली नवरा-बायकोंनी मिळून जे पुस्तक काढले, त्यात फोटोंबरोबर शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे हे बोल छापले आहेत.

शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदा जाणाऱ्या आमच्या नव्या कृषी सहायकांनाही मी एवढेच सांगतो. ओसरीवर टेका, पाणी घ्या, बैलांची चौकशी करा. वही मागाहून काढा.

एक तांत्रिक गोष्टही सांगायला हवी. बाई जे कॅमेरे वापरत त्यांत वरून खाली पाहावे लागे. कॅमेरा छाती-पोटाजवळ धरायचा आणि मान खाली घालून काचेत पाहायचे. त्यामुळे समोरच्याच्या तोंडावर यंत्र रोखले जात नाही, आणि खालून घेतल्यामुळे माणूस फोटोत उंच दिसतो. फाटके कपडे घातलेला मजूरही लँगबाईंच्या फोटोत कमरेत वाकलेला, केविलवाणा दिसत नाही, यात या कॅमेऱ्याचा थोडा हात आहे.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोकडे येऊ. मार्च १९३६. बाई सरकारी कामावर महिनाभर एकट्या फिरून घरी परतत होत्या. पाऊस चालू, अंग थकलेले. कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या पुढे गेल्या. वीस मैल गेल्यावर राहवेना, तेव्हा गाडी वळवून मागे आल्या. वाटाणा थंडीने गेला होता, तोडणीचे काम नव्हते आणि माणसे उपाशी बसली होती. एका फाटक्या तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगबाईंनी जवळ जवळ सरकत पाच-सात फोटो घेतले. शेवटच्या फोटोत मांडीवर तान्हे मूल, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून टेकलेली दोन मुले, आणि आईचा हात गालाशी. नजर कुठे तरी लांब. सगळे मिळून दहा मिनिटे झाली असतील. वय ३२, सात मुले, एवढे टिपले गेले. नाव विचारायचे राहिले.

फोटो १० मार्चला सान फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आले आणि सरकारने तळावर २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ हजार किलो धान्यसामग्री धाडली. फोटोने माणसांच्या तोंडी घास गेला, हे खरेच. पण ती बाई आणि तिची मुले तोवर तळ सोडून पुढच्या कामाच्या शोधात गेली होती. त्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

पुढे चाळीसेक वर्षे त्या चेहऱ्याला जगाने "स्थलांतरित आई" या नावानेच ओळखले. १९७८ साली एका स्थानिक वर्तमानपत्राने तिला शोधून काढले, तेव्हा नाव कळले, फ्लोरेन्स थॉम्पसन. मग पुष्कळ गोष्टी उलगडल्या. सगळे समजत होते की ही धुळीच्या वादळांनी शेती बुडाल्यामुळे आलेली गोरी शेतकरीण. जमिनीची धूप हा माझा विषय असल्याने सांगतो, ती वादळे १९३० नंतरची, आणि त्यांच्याच धसक्याने अमेरिकेने १९३५ साली मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. पण फ्लोरेन्सबाई त्याआधीच, १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियात आलेल्या होत्या. आणि त्या होत्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. पहिला नवरा १९३१ मध्येच वारला होता. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न आणले, असे फोटोच्या मजकुरात आले होते. घरच्यांचे म्हणणे असे की टायर कधी विकलेच नाहीत. गाडी बंद पडली होती, घरचे पुरुष ती दुरुस्त करायच्या खटपटीत गावात गेले होते आणि नीट झाल्यावर सगळे तिच्यातूनच निघाले.

फ्लोरेन्सबाईंना या फोटोचा राग होता. आपला फोटो विकणार नाही, आणि एक प्रत पाठवू, असे सांगितले होते, पण प्रत कधी आली नाही, अशी त्यांची तक्रार होती. लँगबाई १९६५ सालीच वारल्या होत्या, तेव्हा त्यांची बाजू ऐकायला मिळाली नाही. १९६० साली त्यांनी लिहिले होते ते एवढेच, की या फोटोंनी आपल्याला मदत होईल हे त्या बाईला जणू कळले होते, म्हणून तिने मला मदत केली. फोटो सरकारी असल्याने लँगबाईंनाही त्याचा मोबदला मिळाला नाही. १९९८ साली मात्र त्याची एक जुनी प्रत लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना गेली, आणि त्याच वर्षी पोस्टाच्या तिकिटावरही तो आला.

माझे मत विचाराल तर मी दोघींच्याही बाजूचा आहे. त्या फोटोत कष्टकरी बाईचे जे मोठेपण आले आहे, ते उचलणारी नजर लँगबाईंनी पंचवीस वर्षे घासून तयार केली होती. पण आपल्याकडे ऊसतोडीच्या कोपीपुढे बसलेल्या बाईचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि खाली "एक ऊसतोड महिला" एवढेच छापतात, तेव्हा मला फ्लोरेन्सबाई आठवतात. घरोघरी पाणी मागून बसणाऱ्या बाई त्या दिवशी घाईत होत्या, आणि एवढ्या घाईचे ओझे दुसऱ्या बाईने चाळीस वर्षे वाहिले. १९८३ साली फ्लोरेन्सबाई आजारी पडल्या, उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी आवाहन केले, तेव्हा कोण कुठली माणसे फोटो आठवून पैसे आणि पत्रे पाठवू लागली. फोटोची लाज वाटणाऱ्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळले की लोकांनी त्यात काय पाहिले होते. त्याच सप्टेंबरात बाई वारल्या.

आता आपल्या घरातल्या विद्यार्थ्याकडे येऊ. कॅमेरा नसला तरी मोबाइल असतोच, तेव्हा सरावासाठी शहरात जायला नको. आजीपासून सुरुवात करा. पण "आजी, जरा इकडे बघ" म्हणून नव्हे. आजी तांदूळ निवडत असेल तर शेजारी बसून चार दाणे निवडू लागा. ज्यांचे सगळे आयुष्य रेशनकार्ड, आधार आणि अनुदान यांच्या फोटोंत गेले, ती माणसे कॅमेरा दिसताच हात सरळ करून ताठ उभी राहतात. शेततळ्याच्या काठावर उभा केलेला आमचा लाभार्थी पाहिला असेल ना? तो फोटो कागदासाठी असतो, त्याबद्दल तक्रार नाही. घरातला फोटो तसा कशाला हवा?

उजेडाचे सोपे आहे. भर दुपारी अंगणात फोटो घेऊ नका. डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो आणि माणूस आजारी दिसतो. पडवीत, ऊन जिथे संपते तिथून दोन पावले आत बसवा, तोंड अंगणाकडे ठेवा. अंगणातला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो, सुरकुत्या दिसतात पण खुपत नाहीत. आजोबांची टोपी किंवा पटका पांढरा असेल तर मोबाइल त्या पांढऱ्याला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे यंत्र चेहऱ्याच्या मानाने उजेड धरते.

हातभर अंतरावरून फोटो घेतला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. फार जवळून घेतल्यामुळे तसे होते, माणसाचा दोष नसतो. पाच-सहा फूट मागे सरा आणि दोन पट झूम करा. माणूस बसलेला असेल तर तुम्हीही बसा. फोकस डोळ्यांवर ठेवा. हात फोटोत येऊ द्या, कारण शेतकऱ्याच्या हातावर चेहऱ्याइतकेच लिहिलेले असते. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे किंवा खताची गोणी नको असेल तर ती हलवण्यापेक्षा तुम्हीच जागा बदला. आजीला ठेवणीतले लुगडे नेसायचे असेल तर नेसू द्या आणि वेळ लागला तर थांबा. नेसायचे नसेल तर आग्रह करू नका.

घरचे झाले की गल्लीतले, मग बाजारातले. अनोळखी माणसाला विचारल्यावाचून फोटो घेऊ नका. बायामाणसांच्या बाबतीत तर नाहीच. विचारल्यावर पुष्कळ जण नको म्हणतील. हसून "बरं" म्हणा आणि चहा घेऊन पुढे जा. पुढच्या आठवड्यात तोच माणूस स्वतःहून हाक मारतो, असे एका शिकाऊ मुलीने मला सांगितले. आणि फोटो कुठे टाकणार, कुणाला पाठवणार, हे आधी सांगा. आता तो घटकाभरात गावभर जातो.

मोबाइलमध्ये हजार फोटो राहतात आणि मोबाइल पाण्यात पडला की एकही राहत नाही. वर्षाकाठी दहा-पाच तरी फोटो तालुक्याला छापून घ्या. एक प्रत ज्याचा फोटो आहे त्याच्या हातात नेऊन द्या, दुसरी तुमच्याकडे. बॉलपेनची शाई पुढे उमटते, म्हणून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा. पूर्ण नाव, गाव, साल, आणि फोटो काढताना ते माणूस जे बोलले असेल ते एखादे वाक्य, त्याच्याच भाषेत.